प्रूफ

खेतवाडीच्या अकराव्या गल्लीत आमचा छापखाना.
म्हणजे आता एक संगणक, एक रंगीत मशीन,
आणि कोपऱ्यात वडिलांची ट्रेडल,
जिच्यावर मी डबा ठेवतो.

हडकर आले मंगळवारी, भर दुपारी.
पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त, खिशात दोन पेनं.
खुर्ची रुमालाने पुसून बसले.
मुलाचं कार्ड करायचंय, म्हणाले. शंभर पुरेत.

मी नेहमीचा मसुदा उघडला.
त्यात नावांच्या जागा तेवढ्या मोकळ्या असतात.
चि. निनाद,
आणि सवयीनं खालच्या ओळीत
चि. सौ. कां.

सौ. कां. खोडा, म्हणाले.
पुन्हा चि.
चि. सौमित्र.

मुलीचं नाव? मी विचारलं.
कळलं होतं, तरी विचारलं.
मुलगी नाही, ते म्हणाले,
चहात साखर नको म्हणावं तसं.

वडिलांच्या काळी आम्ही छापायचो
'यांचा शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे',
सोनेरी शाईत, गणपतीच्या बरोब्बर खाली.
अख्खं गिरगाव चष्मा चढवून
तो शब्द निमूट वाचायचं
आणि मांडवात जेवून यायचं.
कुणाच्या मनात काही आलं नाही.
आता दोन चि. एकाखाली एक बसले
तर माझ्याच मनात काय काय.

'शुभविवाह' घालू का?
कायदा अजून नाही म्हणतो, हडकर म्हणाले,
वकिलाला विचारून आलोय.
पण कार्ड कोर्टात कुठं दाखवायचंय?
नातेवाइकांना दाखवायचंय. ते जास्त अवघड.
हसले, मग खोकले.
हिला दीड वर्ष लागलं. मला चार.
पहिली दोन तर पोरगा बोलायला लागला की
मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

निमंत्रकांत त्यांच्या बहिणीचं नाव होतं.
बुधवारी फोन: ते काढा.
गुरुवारी फोन: राहू दे.
शुक्रवारी बहिणीचाच, करी रोडहून:
माझं नाव जरा ठळक करता येईल का हो?

त्या रात्री शटर ओढताना
तामसे मास्तर आठवले.
त्यांच्या तेराव्याचं कार्ड, पंचाण्णव साल असेल.
यादी घेऊन आले होते वालावलकर,
मास्तरांच्या खोलीत सव्वीस वर्षं राहिलेले.
शोकाकुल: पुतणे, भाचे, सुना, जावई,
आणि सगळ्यांत खाली, पेन्सिलीनं, पुसट,
त्यांचं स्वतःचं नाव.
संध्याकाळी पुतण्या आला. नुसतं बोट ठेवलं त्या नावावर.
कार्डं न्यायला आलेल्या वालावलकरांना मी सांगितलं,
जागा नव्हती हो.
त्यांनी मान हलवली, पैसे मोजून दिले,
सुटे परत घ्यायला थांबले नाहीत.

जागा होती.
चांगली दोन बोटं जागा होती.
मी तिथे कमळाची नक्षी बसवली होती.

शनिवारी प्रूफ परत आलं.
मुहूर्त ठीक, हॉलचा पत्ता ठीक,
'कृपया आहेर आणू नये' ठीक.
तळाशी ती ओळ, जी मी तीस वर्षं
डोळे मिटून छापत आलोय:
'माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं! – शर्वी'
तिथे दुसऱ्या 'मा'च्या डोक्यावर
स्केचपेनचा लाल ठिपका.
वाटलं, शाई उडाली.
मग चष्मा लावला.
मामांच्या.

नात दुसरीत आहे, हडकर म्हणाले,
आमच्या सगळ्यांच्या चुका काढते.

तो ठिपका मी जागेवर बसवला.
वाजवीपेक्षा थोडा मोठाच बसला असेल.
खाली दोन बोटं जागा उरत होती.
तिथे एखादं फूलबिल टाकता का,
हडकरांनी विचारलं.
नको, म्हटलं.
असू दे मोकळी.